दुसरं पान

"शून्य," डॉ. विनता सुभेदार म्हणाल्या, तेव्हा मुरलीधर शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात घालत होते.

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियमचा कणसुद्धा दिसला नाही स्कॅनमध्ये. पंचावन्नाव्या वर्षी असं चित्र सगळ्यांचं येत नाही, काका. निश्चिंत राहा तुम्ही."

मुरलीधरांनी बटण तसंच सोडलं आणि खुर्चीवर बसून घेतलं. गेली दोन वर्षं हा माणूस स्वतःच्याच छातीला कान लावून जगत होता. धाकटा भाऊ शैलेंद्र पन्नासाव्या वर्षी, सकाळचं बॅडमिंटन खेळून घरी आल्यावर, बुटांची नाडी सोडता सोडता गेला. ना विडी, ना दारू, ना पोट सुटलेलं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा गेला, आणि पहिल्याच मजल्यावर धापा टाकणारा मागे राहिला. तेव्हापासून साधा ढेकर आला तरी मुरलीधर नाडी चाचपून पाहायचे. तीनदा ते बायकोला, सरोजिनीबाईंना, घेऊन रिक्षाने इमर्जन्सीत जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा ॲसिडिटीची गोळी घेऊन परतले होते.

म्हणून तर या संशोधन केंद्रातून फोन आला तेव्हा ते एका पायावर तयार झाले. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या वीज ऑफिसात रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. त्याच अभ्यासाचा हा पुढचा टप्पा, असं फोनवरची मुलगी म्हणाली. रक्त मागच्या आठवड्यात, स्कॅन आज. सुई म्हटलं की मुरलीधरांचे हातपाय गळतात हे अख्ख्या खानदानाला माहीत होतं. पण भीतीपेक्षा मोठी भीती समोर उभी होती. त्यांनी डोळे गच्च मिटून सरोजिनीबाईंचं मनगट असं काही आवळलं, की बाईंच्या दोन बांगड्या फुटल्या.

आणि आता शून्य. बाहेर बाकावर बायको देवाचं नाव घेत बसली असेल, तिला कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं.

"बसा न थोडं," डॉक्टर म्हणाल्या. "एक कोडं सुटून नाही राहिलं मला."

त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक जुना, एक नवा.

"कोलेस्ट्रॉल तेव्हाही ठीक होतं, आताही ठीक आहे. पण हे बघा. लायपोप्रोटीन-ए. कोलेस्ट्रॉलचाच चुलतभाऊ समजा. नेहमीच्या तपासणीत हा दिसत नाही, वेगळा शोधावा लागतो. दोन हजार सतरामध्ये तुमचा आला होता एकशे बेचाळीस. पन्नासच्या वर गेला की आम्ही सावध होतो. आणि मागच्या आठवड्यात आलाय अकरा."

"मग बरंच झालं न. उतरला."

"तो उतरत नाही, काका. तेच तर." त्यांनी पेनाचं टोक जुन्या आकड्यावर ठेवलं. "हा आईबापाकडून येतो आणि जन्मभर जवळपास तेवढाच राहतो. तेल सोडा, तूप सोडा, रोज दहा किलोमीटर धावा, त्याला फारसा फरक पडत नाही. शिबिरात दुसऱ्या कोणाचं रक्त तुमच्या नावावर चढलं असेल का?"

मुरलीधरांनी कागदाकडे पाहिलं आणि त्यांना ती सकाळ आठवली. इतक्या लख्खपणे आठवली, की आपण तिला आठ वर्षं कुठे ठेवलं होतं याचं त्यांनाच नवल वाटलं.

ऑफिसच्या सभागृहात पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं होती. साहेब स्वतः दारात उभे राहून हजेरी घेत होते. मुरलीधर रांगेत पुढे सरकत होते आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटत होता. तेवढ्यात त्यांची घरी विसरलेली शिबिराची स्लिप घेऊन शैलेंद्र आला. खेळून आलेला, अजून चहासुद्धा न घेतलेला. त्याने स्लिप हातात दिली, भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसला. शाळेत लस टोचायला माणसं आली की हाच शैल्या दोनदा रांगेत उभा राहायचा, एकदा स्वतःसाठी आणि एकदा तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या भावासाठी. दोघांचं नाक एक, कपाळ एक. मास्तरांना कधी पत्ता लागला नाही.

"दादा, आण ती स्लिप इकडे," तो म्हणाला होता. "मुरलीधर पांढरीपांडे हजर."

दोघं बाहेर येऊन मनसोक्त हसले होते. मग बाजारात कमानिया गेटला जाऊन खोव्याची जिलबी खाल्ली होती.

"काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नाही आठवत," मुरलीधर म्हणाले.

डॉ. विनतांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. रागावल्या मात्र नाहीत.

"नोंद मी अभ्यासातून काढून टाकीन, ते माझं काम. पण ज्याचं रक्त असेल त्याला कळायला पाहिजे. त्याला आणि त्याच्या मुलांना. मुलांमध्ये हा उतरायची शक्यता निम्मी असते. लवकर कळलं तर बाकीच्या गोष्टी आवाक्यात ठेवता येतात, लक्ष ठेवता येतं. आम्ही तेव्हाच पत्र पाठवलं होतं. दोन पानांचं. दुसऱ्या पानावर हे सगळं लिहिलं होतं."

बाहेर सरोजिनीबाईंनी नवऱ्याच्या तोंडून 'शून्य' ऐकलं आणि तिथल्या तिथे पदर डोळ्यांना लावला. रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. पहिला फोन यामिनीला, शैलेंद्रच्या बायकोला.

"शून्य आलं गं बाई, शून्य! हर्षाला सांग, तुझे मोठे बाबा ठणठणीत आहेत म्हणावं."

मुरलीधर रिक्षात बाहेर बघत बसले. त्यांना मूलबाळ नव्हतं. हर्षा शैलेंद्रची, पण तिचं पहिलं पाऊल त्यांच्या घरात पडलं होतं, तिची सायकल त्यांनी धरली होती, आणि बाप गेल्यापासून ती काहीही असलं की आधी मोठे बाबांना फोन करायची. तेवीस वर्षांची होती. शक्यता निम्मी, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

घरी आल्यावर ते लोखंडी कपाटापुढे मांडी घालून बसले. वीजबिलं, विम्याचे कागद, पीएफच्या स्लिपा. पत्र मिळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नीट जपून ठेवलं होतं त्यांनी! पहिल्या पानावर तारीख, फेब्रुवारी २०१८. खाली एकूण कोलेस्ट्रॉल एकशे अडुसष्ट, आणि त्यापुढे इंग्रजीत नॉर्मल. या एका शब्दापाशी मुरलीधरांचं वाचन संपलं होतं. तेवढं वाचूनच ते पाव किलो पेढे घेऊन भावाकडे गेले होते. "शैल्या, तुझं रक्त म्हणजे फर्स्ट क्लास! शंभर वर्षं मरत नाही तू!" पुढे यामिनी दरवर्षी नवऱ्याच्या मागे लागायची, की एकदा सगळ्या तपासण्या करून घ्या. आणि तो दरवर्षी हसून म्हणायचा, "माझं झालंय. दादाला विचार."

दोन्ही पानं मागे पिनेने जोडलेली होती. दुसरं पान एकदाही उलटलेलं नव्हतं, त्याची घडी कोरी होती. त्यांनी ते उलटलं आणि वाचलं. लायपोप्रोटीन-ए फार वाढलेला आहे. हृदयरोगतज्ज्ञांना लवकर भेटावे. हृदयाचे स्कॅनिंग करून घ्यावे. भावंडांची आणि मुलांची तपासणी व्हावी.

वाचता वाचता त्यांच्या तोंडातून आवाज फुटला. स्वयंपाकघरातून सरोजिनीबाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. पिन टोचली."

त्यांनी पिन काढली. पहिलं पान कपाटात ठेवलं, दुसरं घडी करून खिशात घातलं, आणि नर्मदामाईला नारळ वाहून येतो सांगून बाहेर पडले. तारीख फक्त पहिल्या पानावर होती. हा विचार आपण केला, हे त्यांना रिक्षात बसल्यावर उमगलं आणि स्वतःची किळस आली. तरी ते परत फिरले नाहीत.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर उन्हं पाण्यात उतरली होती. फुलं भरलेले पानांचे दोने विकणाऱ्या बायका हाका मारत होत्या. एक नाववाला मागेच लागला, "भैया, उस पार? चलो, बैठो." मुरलीधरांनी मान हलवली आणि खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी याच पायरीवरून त्यांनी भावाच्या अस्थी सोडल्या होत्या.

त्यांनी कागद बाहेर काढला. एक दोना घ्यायचा, फुलांखाली कागद ठेवायचा, सोडून द्यायचा. कोण विचारणार होतं? डॉक्टरीणबाई नोंद काढून टाकणार होत्या. शैल्या तर गेलाच होता, कागदाने तो काही परत येणार नव्हता. आणि हर्षाची तपासणी काय, दुसरं काही निमित्त काढून करवता आली असती. बापाच्या माघारी मुलीनं जपलेलं बरं, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. मुरलीधरांनी हे सगळं स्वतःला दोनदा समजावलं. सगळं पटण्यासारखं होतं, फक्त हात पुढे होईना.

कारण यामिनी मध्ये येत होती. शैलेंद्रच्या तेराव्याला, माणसं जेवून उठल्यावर, मुरलीधर रडत रडत तिला म्हणाले होते, "तूप जरा कमी घालायला पाहिजे होतं गं, यामिनी." रागाने नव्हे, दुःखात माणूस बोलतो तसं बोलून गेले होते. तिने ऐकून ताटं उचलली होती. पण त्या दिवसापासून तिच्या घरात उकडलेल्या भाज्या शिजत होत्या. हर्षा वैतागायची, सरोजिनीबाई समजावायच्या, यामिनी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधी उकडायची. दोन वर्षं ती बाई नवऱ्याच्या खुनाची शिक्षा भोगत होती, आणि ती शिक्षा मुरलीधरांनी सुनावलेली होती. खिशातल्या कागदावर ती सुटण्याचा हुकूम होता. तिला सोडवायचं तर तिच्या जागी कोणाला उभं राहावं लागणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

ते पायऱ्या चढून वर आले. नारळ वाहायचं राहूनच गेलं.

यामिनीचं घर घाटाच्याच रस्त्यावर होतं. ती शाळेत शिकवायची. जेवणाच्या टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसली होती. त्यांना पाहताच उठली, आणि कित्येक महिन्यांत हसली नव्हती तशी हसली.

"या दादा, या! ताईंचा फोन आला होता. शून्य न? मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एक तरी चांगली बातमी आली या घरात." मग तिचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. "काहून? काय झालं? असे काहून दिसून राहिले तुम्ही?"

"हर्षा कुठे आहे?"

"क्लासला. येईलच आता. पाणी आणते."

"पाणी नको. बस तू."

ती बसली. मुरलीधरांनी घडी उलगडून कागद तिच्यापुढे, वह्यांवर ठेवला आणि शिबिरापासून सांगायला सुरुवात केली. स्लिप, रांग, शैल्याचं हसणं. डॉक्टरांचे दोन कागद. हे आईबापाकडून येतं, खाण्यापिण्यावर नसतं. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी. यामिनी ऐकत होती आणि तिचं लाल पेन हातात उघडंच होतं.

ती कागदावर वाकली. एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"हे रक्त यांचं आहे?"

"हो."

"आम्ही हर्षाचं कोलेस्ट्रॉल केलं होतं मागे. नॉर्मल होतं."

"त्यात हे दिसत नाही. वेगळी तपासणी असते."

यामिनीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"यावर तारीख नाही. कधी आलं हे पत्र?"

कधी आलं म्हणून सांगायचं? गेल्या महिन्यात म्हटलं असतं तरी तिने विश्वास ठेवला असता; दादा खोटं बोलतात असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मुरलीधरांच्या जिभेवर ते आलं होतं. त्यांनी ओठ ओले केले.

"अठरा साली. फेब्रुवारीत."

तिने बोटांवर वर्षं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"म्हणजे तुम्ही पेढे घेऊन आले होते तेव्हा."

"तेव्हाच. मी पहिलंच पान वाचलं, यामिनी. दुसरं उलटलंच नाही. आज उलटलं."

तिने कागदाची घडी बोटाने सपाट केली. मग हलक्या आवाजात, जणू वर्गात कोणाची तरी चूक दाखवत असल्यासारखी म्हणाली, "पाच वर्षं होती दादा. पाच वर्षं ते इथे होते, माझ्यासमोर जेवत होते." आणि तिचा आवाज फाटला. "आणि मी म्हणत होते की मी मारलं! रोज म्हणत होते! कढई पाहिली तरी मला वाटायचं, यातच मारलं मी त्यांना!"

मुरलीधर खुर्चीवरून उठले ते सरळ तिच्या पायांशी वाकले. मोठ्या दिराने धाकट्या भावजयीचे पाय धरायचे, हे त्यांच्या घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. तिने पाय झटक्यात मागे घेतले.

"नका. नका हो असं करू. उठा."

"मला काय करायचं ते कर. बोल. शिव्या दे."

"उठा दादा. ती येईल." तिने पदराने तोंड पुसलं, लाल पेनाला टोपण लावलं. मुरलीधर उठून परत खुर्चीवर बसले. मग ती त्यांच्याकडे न बघता बोलली. "मी तुम्हाला माफबिफ करू शकत नाही आत्ता. पुढचं माहीत नाही. पण हर्षाला यातलं काही सांगायचं नाही. पत्र इथे होतं, माझ्या कपाटात. मी नीट वाचलं नाही. एवढंच."

"पण तू काहून..."

"तिला बाप नाही. मोठे बाबा तरी असू द्या तिला. मला ती बोलेल, रडेल, दोन दिवसांनी गळ्यात पडेल. आई आहे मी. तुमचं तसं नाही." ती थांबली. "मला सवय आहे आता."

फाटक वाजलं. स्कूटी आत आली, आणि हर्षा हेल्मेट हातात घेऊन दारातूनच ओरडली, "मोठे बाबा! ज़ीरो? सच में ज़ीरो? पार्टी पाहिजे मला!" तिने येऊन मागूनच त्यांच्या खांद्यावर हात टाकला. मग आईचे डोळे पाहिले. "क्या हुआ? मम्मी?"

"बस इथे," यामिनी म्हणाली. "उद्या सकाळी काही खाऊ नको. रक्त द्यायला जायचंय. बाबांचं एक जुनं पत्र सापडलं."

तिने थोडक्यात सांगितलं. हर्षाने टेबलावरून कागद उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. दुसरा हात अजून मोठ्या बाबांच्या खांद्यावरच होता. वाचता वाचता बोटं तिथे रुतत गेली.

"यह कब का है?"

"जुनं आहे. माझ्या कपाटात होतं."

"आपके पास था? बाबा थे तब?" तिचा आवाज चढला. "मम्मी, आपने पढ़ा नहीं? इसमें साफ़ लिखा है! एक टेस्ट करायची होती, बस एक! तुम्ही वाचलंच नाही?"

"नाही वाचलं," यामिनी म्हणाली. "चुकलं माझं."

तिने ते इतक्या सहज म्हटलं, की मुरलीधरांना क्षणभर खरंच वाटलं तिचंच चुकलं. गप्प बसलं की झालं. तिने स्वतः सांगितलं होतं गप्प बसा. खांद्यावर त्या पोरीचा हात ऊबदार होता, आणि एवढा एकच हात आता त्यांच्या वाट्याला उरला होता.

"कैसे कर सकते हो आप ऐसा?" हर्षा आईला म्हणत होती. तिला रडू फुटलं होतं. "मेरे बाबा थे, मम्मी!"

यामिनीने मान खाली घातली.

"हर्षा," मुरलीधर म्हणाले.

"दादा, तुम्ही नका बोलू," यामिनी घाईने म्हणाली.

"हर्षा, आईच्या कपाटात नव्हतं ते. माझ्या घरी होतं. तेव्हापासून माझ्याच घरी."

"मतलब?"

ती अजून आईकडेच बघत होती. तिला नीट कळलं नव्हतं. मुरलीधर सांगू लागले, आणि सांगता सांगता तिचा हात खांद्यावरून केव्हा निघतो याची वाट पाहत राहिले.